लेन्सचा फूट आणि अनंताचा हात

पक्षी बघत हिंडणाऱ्या माणसांकडे फोटो कमी आणि किस्से जास्त का असतात, ते मला आता कळलंय. फोटोला पक्षी लागतो. किस्स्याला नुसती वाट बघितली तरी चालते, आणि ती आम्ही शिवडीच्या जेट्टीवर पोटभर बघितली आहे. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो जवळ येतात. येतात, असं लोक म्हणतात. आम्ही जातो तेव्हा ते लांबवर एक गुलाबी रेघ होऊन उभे असतात, आणि आम्ही तिघं दगडावर बसून एकमेकांचं डोकं खातो.

तिघं कोण, ते सांगते. मी नंदा. परळच्या एका हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढते. दिवसभर "हलू नका, श्वास रोखा" एवढंच बोलायचं काम. शिरीष गिरगावचा, टॅक्सची कामं करतो. हा माणूस साधी छत्री घ्यायची तरी आठवडाभर रिव्ह्यू वाचतो आणि तोवर पावसाळा संपतो. आणि तिसरा अनंत परब, लालबागचा. त्याचा मसाल्याचा डंका आहे, म्हणजे मिरच्या कुटायची गिरणी. आमच्यात सगळ्यात मोठी लेन्स अनंताची, आणि ती दुसऱ्या कुणी उचललेली त्याला खपत नाही.

ह्या लांबड्या लेन्सच्या पोटाखाली धातूचा एक फूट असतो. त्यावर ती ट्रायपॉडला बसते. लेन्स आणि फूट यांच्या मधल्या फटीत चार बोटं जातात, म्हणून चालताना सगळे तिथेच मूठ घालून लेन्स नेतात, भाजीच्या पिशवीसारखी. माझ्या पुढच्या बहुतेक रडकथा ह्या फुटाच्या आहेत.

* * *

एप्रिलमध्ये डंक्यावर मसाल्याचा सीझन. अनंत पहाटेपर्यंत मिरच्या कुटून थेट जेट्टीवर आला होता. शिरीष म्हणाला, "अनंता, तुझ्या लेन्समधून एकदा बघू दे." अनंताचा मूड चांगला होता. त्याने बघू दिलं.

शिरीषने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि किंचाळला. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, जे काही रात्रभर कुटलं होतं ते सगळं डोळा लावायच्या रबरावर बसलं होतं. मी बाटलीतलं पाणी त्याच्या डोळ्यावर मारत होते आणि नेमका तेव्हाच अख्खा थवा उठून आमच्या डोक्यावरून गेला. इतक्या वर्षांत तेवढा एकदाच. शिरीषला काही दिसलं नाही, आणि त्याला धरून बसल्यामुळे मलाही नाही.

अनंत त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "रडतंस कित्याक? येतले परत."

ते काही परत आले नाहीत.

* * *

मग अनंताचे फोटो हलायला लागले. एक हलला, दोन हलले, पुढे सगळेच. पक्ष्याला चार चोची.

अनंताने निदान केलं, "फूट लूज आसा." आम्हालाही ते पटलं. जुना, उंच फूट, त्याखाली स्क्रूने लावलेली प्लेट, ती फिरते हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा हात हलतो हे मात्र आमच्या लक्षात आलं नाही. त्याच्या घरच्यांच्याही नाही. डंक्यावर उभ्या असलेल्या माणसाचं काय हलतंय ते कळणार कसं? तिथे भिंत हलते, वजनं हलतात, खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर हलतं. त्याची बायको, सुरेखावहिनी, नंतर म्हणाल्या, "माका वाटला, मशीन चालू आसा."

* * *

नवा फूट शोधायचं काम अर्थातच शिरीषने घेतलं. रोज रात्री ग्रुपवर लिंका. उंच, बुटका, लांब, आखूड, प्लेटवाला, बिनप्लेटचा. ग्रुपमध्ये आम्ही तिघंच, त्यामुळे पळायलाही जागा नाही.

महिन्याभराने पार्सल आलं. लालबागला अनंताच्या घरी उघडलं. फूट सुंदर होता, काळा कुळकुळीत. फक्त तो त्या लेन्सच्या आधीच्या मॉडेलचा होता आणि त्याची चार भोकं आपल्या चार भोकांशी जुळायला तयार नव्हती. सगळे रिव्ह्यू वाचून झाले होते, लेन्सचं नाव तेवढं पूर्ण वाचलं नव्हतं.

शिरीष सात दिवसांत परत पाठवणार होता, तो राहिला. पुढच्या वेळी गेलो तर वहिनींनी तो फूट गॅसच्या शेगडीखाली सरकवला होता, एक पाय कधीचा आखूड होता म्हणून. "बेस झाला," म्हणाल्या. "आता भात उतू जाणा नाय." त्या घरात त्या वर्षी स्थिर झालेली वस्तू तेवढी एकच.

* * *

पावसाळ्यात अनंत डंक्याच्या पायरीवरून घसरला आणि मनगट सुजवून माझ्याकडे आला. दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या हातात माझ्यासाठी मसाल्याची पिशवी. ती त्याने व्यवस्थित टेबलावर ठेवली. मी त्याचे दोन्ही हात बघत होते. पिशवी सुटली आणि तो हात आपला आपण थरथरायला लागला, उजवा, शटरवरचा.

सुजलेलंही तेच मनगट असतं तर बरं, म्हणजे सूज आहे म्हणता आलं असतं. सुजलं होतं डावं. पण आमच्याकडे तुलनेसाठी कधीकधी दोन्ही काढतात, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं. उजवा हात मी मशीनखाली ठेवला आणि सवयीने म्हणाले, "अजिबात हलू नका."

"प्रयत्न करतंय," अनंत म्हणाला.

फोटो हललेला आला. पुन्हा काढला, पुन्हा हलला. तिसऱ्यांदा मी मनगटावर वाळूची पिशवी ठेवली, तेव्हा कुठे हाडं नीट दिसली. अनंत माझ्या मागे येऊन स्क्रीनवरचे तिन्ही फोटो बघत उभा राहिला. इथे लेन्स नव्हती, ट्रायपॉड नव्हता. मग म्हणाला, "म्हणजे फुटाचो दोष नव्हतो."

मी कागदावर मेंदूच्या डॉक्टरांचं नाव लिहून त्याला दिलं आणि वरच्या मजल्यावर जायला सांगितलं.

* * *

मी सोबत गेले होते. डॉक्टर भला माणूस होता. पार्किन्सन्स म्हणजे काय ते त्याने नीट समजावून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, डंक्याच्या मशीनजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. मग म्हणाला, "तुमचा हात कामात असला की शांत राहतो. रिकामा ठेवला की थरथरतो. सध्यातरी असं आहे."

अनंताने मान डोलावली. "म्हणजे अस्सल गिरणगावातलो हात," म्हणाला. "काम सुटला की बिघडता."

डॉक्टर बाहेरगावचा, त्याला हसावं की नाही कळेना. मी हसले. बाहेर येऊन जिन्यात रडले.

डंका पुतण्याने घेतला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "दिवसभर खिडकीत बसान रवतत. हाताक काम नाय. एक तुमचो तो रविवार आसा, तेवढो चुकवू नको गे."

* * *

मग आम्ही चंगच बांधला. शिरीष आणि मी अनंताकडून "सर्व्हिसला टाकतो" म्हणून लेन्स आणली आणि फोर्टातल्या एका दुकानात गेलो. ह्या वेळी लेन्स सोबत, भोकं मोजायला.

दुकानदाराने काउंटरवर फूट मांडले. त्याने एकेक चढवून ट्रायपॉडवर दाखवला. लेन्सला टिचकी मारायची आणि स्क्रीनवर बघायचं. उंच फुटावर चित्र कितीतरी वेळ डुलत राहायचं. बुटका, लांब, लेन्सच्या पोटाला चिकटलेला एक फूट होता, त्याच्यावर टिचकी मारली तरी काही नाही. "साब, ये तो पहाड़ है," दुकानदार म्हणाला. शिरीषने खिशातून रिमोट काढला. लेन्स ह्या फुटावर पक्की बसवायची, हात काढून घ्यायचा, लांबून बटण दाबायचं. अनंताच्या हाताचा संबंधच नको.

आम्हाला ते इतकं पटलं की आम्ही दुकानात एकमेकांना टाळी दिली. जुना फूट शिरीषने कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

* * *

रविवारी जेट्टीवर अनंताने नवा फूट बघितला, ट्रायपॉडला लावला, रिमोट हातात घेतला. पहिलाच फोटो असा आला की बगळ्याच्या पायाला लागलेला चिखल मोजून घ्यावा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. शिरीषच्या तोंडावर तर स्वतःलाच नोबेल मिळाल्याचं समाधान. अनंतही हसला. "बरा काढतंय रे मी," म्हणाला.

भरती यायला लागली, आम्ही आवरलं. अनंताने लेन्स सोडवली आणि नेहमीप्रमाणे मूठ घालायला बोटं फटीत सरकवली.

बोटं जाईनात. फटच नव्हती. फूट पोटाला चिकटलेला, म्हणून तर स्थिर. त्याने एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. दुकानात तासभर टिचक्या मारल्या, पण ती लेन्स उचलून चार पावलं चालून बघावं हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"दे, मी घेतो," म्हणून शिरीषने लेन्स काखेत मारली. अनंताने दिली. सर्व्हिसचा बहाणा सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा दिली. रस्ताभर आम्ही दोघं पुढे आणि तो मागे, मोकळ्या हातांनी. मी एकदा वळून बघितलं. मग पुन्हा वळले नाही.

* * *

पुढच्या रविवारी अनंत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शिरीषने खांद्याला लावायची बॅग पाठवली, भारीतली, रिव्ह्यू वाचून. बॅग घरी पोचली, अनंत जेट्टीवर पोचला नाही. शिरीषचं म्हणणं, त्याला फोटो चांगले येतात हेच सोसत नाही. मी शिरीषला जरा जास्तच बोलले आणि मग आमचंही आठ दिवस बोलणं बंद.

शेवटी शिरीष स्वतःच लालबागला गेला. कागदात गुंडाळलेला जुना फूट अनंताच्या हातात ठेवून परत आला. "राहिला होता माझ्याकडे," एवढंच म्हणाला म्हणे.

वहिनींचा मला फोन आला. "दुपारभर तो पाना घेऊन बसलेत. चारय स्क्रू आपणच काढल्यानी. मी गप रवलंय."

* * *

त्या रविवारी आम्ही दोघं आधी पोचलो. ओहोटी पुरी लागली होती आणि फ्लेमिंगो, काय सांगू, अगदी जेट्टीच्या खाली, चिखलात माना घालून चरत होते. असं कधी होत नाही.

मागे रस्त्यावर ट्रकांच्या आडून अनंत येताना दिसला. एकटाच. ट्रायपॉड पाठीला, आणि उजव्या हातात लेन्स, जुन्या फुटात मूठ घातलेली. जेट्टीच्या टोकापर्यंत आला आणि आमच्या शेजारी उभा राहिला. लेन्स त्याने खाली ठेवली नाही. ट्रायपॉडही उघडला नाही.

शिरीषचे काढून झाले, माझे काढून झाले, कार्ड भरत आलं, तरी हा तसाच. तीन किलो वजन हातात लोंबतंय आणि हा पक्ष्यांकडे बघतोय.

"अनंता," शिरीष हळूच म्हणाला, "इतके जवळ पुन्हा यायचे नाहीत रे. लाव ना ट्रायपॉडवर."

"तुमी काढा," अनंत म्हणाला. "माझो हात आज गप आसा."