काकांना उठवायचं राहिलं

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात; पहाटे लोकांना अंथरुणातून बाहेर कोण काढायचं, हे मात्र कुणी लिहीत नाही. घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हा हे चक्क पैसे घेऊन करायचं काम होतं. सांगितलं की नातवंडं मला वेड्यात काढतात. काढू देत. माझी आत्या तेच काम करायची आणि त्याच मिळकतीवर मी वाढले.

आईवडील गेल्यावर आत्यानं मला जवळ घेतलं. ती एकटीच, गिरणीमागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. पहाटे कोट चढवायची; खिशात वाळलेले वाटाणे, हातात लांब पोकळ नळी. फुंकर मारली की वाटाणा वरच्या मजल्याच्या काचेवर टक्कन बसायचा. आतून चेहरा दिसेपर्यंत ती खिडकीखालून हलायची नाही. नुसतं "उठलो, उठलो" तिला चालायचं नाही. लोक तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'अवदसा'. तिला दोन्ही माहीत होतं.

मग गिरणीनं भोंगा बसवला. फुकटात सगळी गल्ली उठणार म्हटल्यावर वाटाण्यांना कोण विचारतो? आत्याची गिऱ्हाइकं एका फटक्यात गेली. चूल पेटायची पंचाईत झाली, तेव्हा तिनं मन घट्ट करून थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या काकांना, बोलावून घेतलं. ते मला त्यांच्या गावी नेणार होते. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

इकडे गिरणीत भलतंच घडत होतं. सवयीनं काही दिवस सगळे आपोआप उठले. मग जुने विणकर एकेक करून उशिरा येऊ लागले आणि बंद फाटकाबाहेर राहू लागले. मागांच्या खडखडाटात तिथे कुणालाच काही ऐकू येत नसे. सगळे ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायचे, घरीसुद्धा. त्यामुळे आपले कान कधी गेले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. गिरणीनं आधी त्यांचे कान घेतले आणि मग त्यांच्यासाठीच भोंगा वाजवला! वाटाणे तरी त्यांना कुठे ऐकू येत होते म्हणा. पण आत्या इतकी चिकट, की शेवटी वैतागून शेजारीच त्यांना गदागदा हलवायचे.

काका आले त्याच संध्याकाळी एक पोक्त विणकरीण दारात उभी राहिली. मागे आणखी बरेच जण.

"ताई, भोंगा आमच्यासाठी थांबत नाही गं. तू थांबायचीस."

आत्या ओठ नीट हलवत म्हणाली, "पायाच्या अंगठ्याला दोरी बांधा, दुसरं टोक खिडकीबाहेर टाका. पुढचं मी बघते."

ते गेल्यावर काका हसले. "दोऱ्या ओढून पोट भरतं होय! उद्या पहाटेची गाडी आहे. पोरीचे कपडे भरून ठेव आणि मला वेळेवर उठव."

"हो, दादा," आत्या म्हणाली. तिनं माझे कपडे पिशवीत भरले. मला तिचा भयंकर राग आला.

पहाटे मी खिडकीतून पाहिलं. जुन्या विणकरांच्या प्रत्येक घरातून एक दोरी लोंबत होती. आत्यानं ओढली की वरून "आई गं!" ऐकू यायचं आणि पाठोपाठ विस्कटलेल्या केसांचा चेहरा बाहेर यायचा. फेरी संपवून ती घरी आली. भोंगाही वाजून गेला, तरी काका घोरत होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तर तिनं मलाच गप्प राहायची खूण केली.

उन्हं अंगावर आली तेव्हा काका ताडकन उठले. "गाडी गेली की! अख्ख्या गल्लीला उठवलंस आणि मलाच विसरलीस?"

"विसरले नाही, दादा," आत्या म्हणाली. "पोर जाऊ नये म्हणून झोपू दिलं. आजवर कुणाला झोपू दिलं नव्हतं मी."

काका तणतणत खिडकीशी गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळे कामावर गेले होते. लोंबणाऱ्या दोऱ्या त्यांनी एकदा नाही, दोनदा मोजल्या. मग खाली बसले आणि माझ्या पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागले.