जीपीएस बंद करायला लावणाऱ्या सुमनताई

दाजींचा, म्हणजे सुमनताईंच्या यजमानांचा, फोन आला तेव्हा मी अंगणात चार्जरची वायर गुंडाळत होते. "वंदे, तुझी ताई गेली गं पहाटं," एवढंच ते म्हणाले. मागे कुणीतरी नळाखाली हंडा ठेवला, पाणी पडायला लागलं, आणि आम्ही दोघंही फोन कानाला धरून ते ऐकत राहिलो... त्याला आता महिना होऊन गेला. आमच्या भागात बायका ड्रोननं फवारणी करतात याचं आज कुणाला फारसं नवल वाटत नाही. मी त्यातली एक झाले ती सुमनताईंमुळे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ड्रोन शिकायला बचत गटातून आमची नावं गेली होती. त्या मोडनिंबच्या, मी मोहोळची, आणि शिकायला जायचं सोलापूरच्या बाहेर एका उघड्या माळावर. त्या मोडनिंबला एसटीत चढायच्या आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून मोहोळपर्यंत माझ्यासाठी जागा धरायच्या. कुणी हुज्जत घातली तर ठसक्यात सांगायच्या, "माझी भन चढणाराय म्होरं." पहिल्यांदा ते माझ्या कानावर पडलं तेव्हा आमची नीट ओळखसुद्धा झालेली नव्हती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, आवाज खणखणीत. ड्रोनचं नाव काढल्यावर घरच्यांनी हसून घेतलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "हसून झालं का? मग डबा भरते."

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. जीपीएस चालू असलं की ड्रोन फार गुणी असतो. घाबरून रिमोटच्या स्टिक, त्या अंगठ्यानं हलवायच्या दांड्या, सोडून दिल्या तरी तो खुंटीला टांगल्यासारखा आहे तिथं थांबतो. मग एका सकाळी शिकवणारे सर म्हणाले, "आता जीपीएस बंद." मी वर नेला आणि वाऱ्यानं तो सरकायला लागला. सवयीप्रमाणे मी हात सोडले. पण आता त्याला त्याच्या जागेचा पत्ताच नव्हता. हात सोडल्यावर तो थांबेल कशाला? वाऱ्याबरोबर निवांत वाहत गेला आणि माळाच्या कडेच्या बाभळीत जाऊन अडकला. सगळ्यांसमोर शिडी आणून तो काढला. मी पत्र्याच्या शेडमागे जाऊन रडले आणि ताईंना सांगून टाकलं, "उद्यापासून मी येत न्हाय. मला हे जमायचं न्हाय. आन् रानात जीपीएस बंद करून कोण उडवतंय?"

"कोण कशाला बंद करंल? त्याचं तेच जातंय," त्या म्हणाल्या. "मग काय करशील? ड्रोन सोडून पळशील?"

सरांनीही हेच सांगितलं होतं, पण ताईंच्या तोंडून ते गळी उतरलं. खरं तर त्यांनाही काही फार जमत नव्हतं. मी हात सोडायची, तर त्या धसकून स्टिक इतकी दाबायच्या की ड्रोन या टोकाचा त्या टोकाला जायचा. परतीच्या एसटीत त्यांनी एक खेळ काढला. दोन्ही अंगठे उभे धरायच्या, ते म्हणजे रिमोटच्या स्टिक. "वारा डावीकडनं आलाय. काय करशील?" मी त्यांचा अंगठा डावीकडे ढकलायचा. "आता त्याचं तोंड आपल्याकडं हाय," म्हटलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथं मी हमखास चुकायची. कंडक्टर बघून जायचे, एकदा त्यांनी विचारलंच, "ताई, अंगठ्याला काय लागलंय का?" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहोळ येईस्तोवर आम्ही शिकत असायचो. जोर लावायचा नाही, वाऱ्याच्या उलट बाजूला जरासं द्यायचं आणि लगेच मधे यायचं... "मिठाची चिमूट टाकल्यागत," त्या म्हणायच्या.

पुढे कामं मिळू लागली. एकदा मोहोळजवळ तुरीवर फवारणी चालली होती. मी उडवत होते, ताई पलीकडच्या बांधावर उभ्या राहून लक्ष ठेवत होत्या. अचानक रिमोट ओरडायला लागला. जीपीएस गेलं होतं, आणि औषधानं भरलेला ड्रोन शेजारच्या रानाकडे सरकत होता. तिथं बायका कांदा काढत बसल्या होत्या. ताई माझ्याकडे न येता त्या बायकांकडे धावल्या, "उठा गं, बांधापल्याड पळा!" मी चिमूट चिमूट करत ड्रोन मागे ओढला आणि तुरीच्या दोन ओळींमध्ये टेकवला. धापा टाकत ताई आल्या. "हात सोडला व्हतास का?"

"न्हाय."

"मग झालं की," म्हणाल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतर वर्षभरात त्यांचा आजार निघाला. स्तनाचा कर्करोग. तीच एसटी, तेच सोलापूर, फक्त माळाऐवजी दवाखाना. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजचं हूक लागेना, सुई टोचली तरी कळेना. रिमोट त्यांनी कापडात गुंडाळून ठेवून दिला.

डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटल्यावर एक दिवस त्यांनी मला सरावाचा लहान ड्रोन घेऊन बोलावलं. ज्वारी काढून मोकळं झालेलं रान, सकाळची वेळ. दाजी म्हणाले, "अगं, पडला म्हंजी?" "पडंल की," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. मी ड्रोन सुरू करून त्यांच्या हातात रिमोट दिला, तर म्हणाल्या, "जीपीएस बंद कर."

"ताई, ऱ्हाऊ द्या की."

"ते चालू असलं की तो आपला आपण उभा ऱ्हातोय. मग मी काय केलं?"

मी बंद केलं. ड्रोन वर गेला. पण स्टिकवर अंगठा आहे की नाही हेच त्यांना उमगेना. अंगठ्यांकडे बघावं तर वरचा ड्रोन नजरेतून सुटायचा. शेवटी म्हणाल्या, "मी वर बघते. तू अंगटं बघ." मग मी त्यांच्या गुडघ्याशी बसून सांगत राहिले, "डावा जरा खाली... उजवा मधी आणा..." एकदा ड्रोन विहिरीकडे वाहत निघाला. माझे हात रिमोटकडे गेले, पण मी ते मागे घेतले. त्यांनी त्याला परत आणला. उतरताना तो धसकटांत कलंडला आणि एक पंखा मोडला. किती दिवसांनी त्या मोठ्यानं हसल्या! "बघितलंत का?" त्यांनी दाजींना विचारलं. दाजी पलीकडं तोंड करून उभे होते. "बघितलं की," ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात डाळिंबावर फवारणी करायला दाजींनीच मला बोलावलं. ताईंचा रिमोट त्यांनी पुसून ओट्यावर ठेवला होता. मानेला काचू नये म्हणून पट्ट्याला ताईंनी जुन्या सुती लुगड्याची घडी शिवली होती. मी ती तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. पट्टा गळ्यात घातला तर रिमोट पार पोटाखाली आला. त्या उंच होत्या ना... मी तशीच उभी राहिले. मला काही तो आवळवेना. "आवळून घे," दाजी म्हणाले. "तसा उडवलास तर ती बोलंल."

मी पट्टा आवळला. बकल वर सरकलं. इतके दिवस ताईंच्या मापाला ते जिथं होतं तिथं पट्ट्याला वळी पडली आहे, ती अजून सपाट झालेली नाही. काम संपेपर्यंत ती माझ्या पोटाशी घासत होती.