पाटकऱ्याच्या आधी पिकलेला टोमॅटो

आमच्या गावात उन्हाळाभर बाग म्हणजे फक्त खजूर. खाली वाफ्यात गवतसुद्धा तग धरत नाही. ऑगस्ट सरता सरता पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसला, की लोकांच्या जिवात जीव येतो. मग महिन्याभरात माती निवते आणि सगळं गाव एकदम पेरायला बसतं. म्हणून ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात माझी आत्या जुवैना, जिला मी अम्मा म्हणते, टोमॅटोचं बी भिजत घालताना दिसली, तेव्हा मला वाटलं उन्हानं तिचं डोकं फिरलं.

"अम्मा, अजून पेरणीला दीड महिना आहे."

"हमदानला आहे. मला नाही."

हमदान आमचा पाटकरी. डोंगरातून येणाऱ्या फलजचं, म्हणजे गावच्या पाटाचं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ सोडायचं, ते तो ठरवतो. हिवाळ्याचा पहिला टोमॅटो सबल्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत न्यायची आमच्याकडे रीत आहे. सात वर्षं तो मान हमदाननं सोडला नव्हता, आणि मिळाला की वसंतापर्यंत त्याचं कौतुक सगळ्यांना ऐकावं लागे. अम्माचे यजमान खल्फानकाका दरवर्षी त्याच्या मागे राहायचे. तीस वर्षं बी अम्मानंच पेरलं होतं, पण कधी पेरायचं ते काका सांगत. दोन वर्षांपूर्वी काका गेले आणि बाग तिच्याकडे आली.

तिनं तुपाचे रिकामे डबे कापले, त्यात माती भरली आणि पाटाच्या कडेला लिंबोणीच्या झाडाखाली मांडले. वर झावळ्यांची चटई. ऊन सरकेल तसे डबे सरकवायचे, दिवसातून चार वेळा. दुपारची झोप तिनं सोडलीच. साठेक रोपं उगवली, बोटाएवढी झाली.

हमदान पाटावरून जाता जाता थांबला. आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात; अम्मा म्हणजे उम्म राशिद, राशिदची आई, आणि हमदान म्हणजे अबू सैफ, सैफचा बाप. "उम्म राशिद, डब्यात काय शिजवतेस?"

"तुझी जिरवायचा मसाला, अबू सैफ."

"मग उकडलेले टोमॅटो पाठव. मीठ माझं."

आणि चारच दिवसांनी पश्चिमेचा गरम वारा सुटला. चटई उडून थेट मशिदीच्या भिंतीला लागली. अम्मा ओरडत माझ्या दारात आली, "चादरी दे, असतील तेवढ्या." मी गादीवरच्यासुद्धा ओढून दिल्या. शेजारच्या दोघी धावल्या. पाटात चादरी भिजवायच्या, डब्यांभोवती धरायच्या, दहा मिनिटांत कोरड्या झाल्या की पुन्हा भिजवायच्या. दुपारभर हेच. वारा पडला तेव्हा आम्ही चौघी नखशिखांत भिजलेल्या आणि हसत होतो, का ते माहीत नाही. बहुतेक रोपं करपली होती. मला रडू फुटलं. अम्मा वाकून बघत होती.

"एकोणीस. पुरेत की."

सुहैल दिसला त्या पहाटे तिनं माझं दार बडवून मला गच्चीवर नेलं. क्षितिजाला टेकलेला तो ठिपका बघून तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. सप्टेंबरच्या मध्यावर, तिची पाण्याची पाळी आली त्या संध्याकाळी, एकोणीस रोपं वाफ्यात गेली. हमदान तेव्हा बी उन्हाला दाखवत होता.

नोव्हेंबरात एक फळ पिवळं पडू लागलं. बुलबुल टोचतील म्हणून अम्मानं त्यावर काकांची नक्षीची टोपी बांधली. घटकेघटकेला ती टोपी उचलून बघायची. स्वयंपाक करताना रोटी तव्यावर टाकून पळायची. मीही कामावरून आले की आधी तिथंच. पाचव्या दिवशी दुपारी तिनं टोपी उचलली आणि मला खुणेनं जवळ बोलावत राहिली. फळ लालभडक झालं होतं.

सबल्यात बायका जात नाहीत. अम्मा उंबऱ्यावर उभी राहिली. आत कॉफी चालली होती.

"अबू सैफ, तुझ्या रोपांना काय आलंय?"

"फुलं. भरपूर फुलं," हमदान ऐटीत म्हणाला.

तिनं खजुराच्या ताटलीत टोमॅटो ठेवून आत सरकवला. आधी सगळ्यांनी ताटलीकडे वाकून पाहिलं. मग सगळे एकदम हसले. एका म्हाताऱ्यानं चाकू काढला आणि पहिली फोड हमदानच्या हातात दिली.

त्यानं चावली, बराच वेळ चावत राहिला. "गोड आहे," तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "बी कुठलं?"

"बी तुझंच, दोन वर्षांमागं तुझ्या सैफनं दिलेलं. लावलं मात्र माझ्या मनानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्माच्या अंगणात पाच बायका रिकामे डबे घेऊन हजर. तिनं त्यांना आधी कॉफी दिली, मग कुदळी. गाजराचा वाफा खणायचा राहिला होता. ऊन कोवळं होतं. पुढच्या ऑगस्टात कुणी कुठं सावली करायची, यावर पाचही जणी एकदमच बोलत होत्या, आणि अम्मा सगळ्यांच्या वर आवाज चढवून सांगत होती.