नगरसेवकाची सही

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी शिक्षकाच्या नोकरीसाठी कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत राहू लागलो. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांची एक रीत होती. रहिवासी दाखला मागणाऱ्याबरोबर ते स्वतः त्याच्या खोलीवर जात, दोरीवरचे कपडे आणि स्टोव्ह न्याहाळीत आणि मगच सही करीत.

निवडणुकीच्या तोंडावर मी माझा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा एका लूममालकाने त्यांच्यापुढे दाखल्यांचा गठ्ठा ठेवला होता.

"सही मारा साहेब, कारीगरांची रेशनकार्डं होतील."

"राहतात कुठं ही माणसं?"

"अभी गाँव में हैं. येतील ना!"

"आली की सांगा शेठ, बघायला येतो."

"आमच्या चाळींची मतं जातील, साहेब. सीट जाईल."

"मतं तुमची, सही माझी."

मी माझा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो. निवडणुकीत त्यांची सीट खरोखरच गेली. पडलेल्या माणसापुढे अर्जाची आठवण काढण्याचा मला संकोच वाटला आणि मी गेलो नाही. निकालाच्या तिसऱ्या दिवशी तेच माझ्या दारात उभे राहिले. हातात माझा अर्ज होता, खिशात शिक्का.

"गुरुजी, अजून आठवडाभर नगरसेवक मीच आहे," ते म्हणाले. "बाजूला व्हा, खोली बघू द्या."