आधी व्यायाम, मग लाथ

"मला विंजेक्शन नको, शेक नको. तुमी फक्त लाथ मारा," असं म्हणून अनसूयाबाई टेबलाला धरून माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी फिजिओथेरपिस्ट. महाडला हाडांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते. व्यायाम करायला लावते म्हणून पेशंट मला मनातल्या मनात शिव्या घालतात, हे मला ठाऊक आहे. पण लाथ मागायला कुणी आलं नव्हतं.

आता खुलासा. मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाने लाथ मारावी, उसण पळते, असा आपल्याकडे समज. ही बातमी आमच्या मातोश्रींनी पोलादपूरच्या बाजारात भेंडी निवडता निवडता फोडली. आईच्या पोटात काही राहत नाही. मी राहिले तेवढीच.

अनसूयाबाई नाते गावच्या. एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करतात. कंबरेतून वाकून भाताचं पातेलं उचललं आणि कळ निघाली. आमच्या सरांनी आधीच तपासलं होतं. पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, लघवीची तक्रार नाही. म्हणजे साधा स्पाझम. कंबरेचे स्नायू घाबरून आवळून बसतात, सोडतच नाहीत.

"सून म्हणते, हलू नका. पडून ऱ्हा."

"सुनेला माझा नमस्कार सांगा. पडून राहिलात तर कंबर लाकूड होईल."

"पर गौरीपर्यंत बरी होईन ना हो?" बाईंचा आवाज एकदम बदलला. "माजी नणंद येतेय मुंबईवरनं. सुमन. माझं लगीन झाल्यापास्नं गौरीला आमची दोघींचीच जोडी फुगडीला. गेल्या साली तिचा नवरा गेला. आता बोलते, मी बाजूला बसंन. मी फोनवर सांगितलं, तू बसलीस तर मी पण बसंन. आता खरंच बसायची येळ आली माझ्यावर!" आणि पदर डोळ्याला.

मला पण भरून आलं. अशा वेळी मी खेकसते, म्हणजे रडू येत नाही.

"रडायचं नाही! ज्या दिवशी नीट फुगडी घालाल, त्या दिवशी लाथ. तोवर व्यायाम."

"वचन?"

"वचन."

थोड्या वेळाने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, बाहेर पेशंट सांगतायत तुम्ही लाथ मारणार आहात?"

"हो सर. ट्रीटमेंट प्लॅनमध्ये आहे."

"फाइलवर लिहू नका म्हणजे झालं."

व्यायाम अगदी साधे. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, कंबर भुईला अशी टेकवायची की खालून मुंगी जाता कामा नये. मग एकेक गुडघा छातीशी. दुखणं उतरल्यावर ब्रिज, म्हणजे त्याच स्थितीत कंबर वर उचलून धरायची. पोटाचे आणि मागचे स्नायू कामाला लागले की कंबरेवरचा भार हलका होतो. बाई झपाझप उरकायच्या. "भाकरी थापताय का? सावकाश!" मी ओरडायची.

जरा बरं वाटलं आणि बाईंनी कॅन्टीनमध्ये पुन्हा तसंच वाकून पातेलं उचललं. दुसऱ्या दिवशी कंबर धरून हजर!

"पातेलं अंगाशी घ्या, गुडघ्यात वाका, सांगितलं होतं ना?"

"इसरले गो बाय."

मग दवाखान्यातली पाण्याची बादली त्यांच्याकडून उचलून घेतली, ठेवून घेतली, पुन्हा उचलून घेतली. सर दारातून बघून हसत गेले.

गौरीच्या दुपारी नाते गावाहून बोलावणं आलं, तशी मी गेले. अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि सुमनताईंपुढे हात केले. त्या मान हलवत होत्या. "लोकं काय बोलतील गो वहिनी?"

"लोकांची कंबर धड हाय का बघ आधी! ऊठ!"

बसफुगडीला मी सक्त मनाई केली होती. उभी फुगडी सुरू झाली. आधी हळू, मग गरागरा. दोघी खिदळत होत्या, अंगण टाळ्या वाजवत होतं आणि मी वेड्यासारखी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. असा आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही.

थांबल्या आणि सुमनताई कंबर धरून मटकन खाली बसल्या. "वहिनी, उसण भरली गो!"

अख्खं अंगण माझ्या पायांकडे बघायला लागलं. पण मी त्यांना तपासून उठते न उठते तोच अनसूयाबाईंनी नणंदेला चटईवर उताणं केलं. "गुडघे दुमड. कंबर भुईला टेकव. मुंगी जाता नये!"

"अगो, त्या बाई पायाळू हायत ना? एक लाथ मारू दे की!"

"गप! नंबर लाव. माजीच अजून बाकी हाय!"

ती अजून बाकीच आहे. फुगडी घालून झाली, वचन पुरं करायची वेळ आली, तर बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आता उसणच नाय, तर लाथ वाया कशाला घालवा?"

हल्ली आमच्याकडे कंबरदुखीचे पेशंट वाढलेत. व्यायाम मी सगळ्यांना तेच देते. लाथेची मात्र पुढची तारीख देते. आधीच मारली तर व्यायामाला परत येतंय कोण?