सत्तावीस आणि बहात्तर

काल लेकीच्या वहीत २७ च्या जागी ७२ दिसले. खाली 'नऊने भाग जातो' असे तिने बरोबर लिहिले होते, तरी बाईंनी दोन्हींवर लाल फुली मारली होती. माझ्या तळहाताची पुन्हा आग झाली.

याच कुंभकोणमात, पाचवीत, गणिताच्या मास्तरांनी मला फळ्यापाशी बोलावले. तमिळमधून आकडा सांगितला, चौपन्न लाख एक्याऐंशी हजार नऊशे सत्तावीस. नऊने भाग जातो का? तमिळमध्ये वीस आधी येते, सात नंतर. आमच्या घरच्या मराठीत सात आधी. माझ्या खडूने शेवटी ७२ लिहिले.

"भाग जातो," मी म्हणाले.

"तप्पु! सगळंच चूक!" पट्टी सपकन बसली. "घरची भाषा घरी ठेवून ये!" वर्ग हसला.

वळावर खडूची भुकटी चरचरत होती. अंकांची बेरीज छत्तीस. सात आधी लिहा की नंतर, छत्तीसच, म्हणजे नऊने भाग जातोच. गणिताच्या मास्तरांना हे ठाऊक नव्हते? आणि मी मूर्ख, "चुकले, सार" म्हणाले. तो राग अजून जिरलेला नाही.

"आई, चुकलं ना माझं?" लेकीने विचारले.

"आकडा चुकला, उत्तर नाही. उद्या बाईंना बेरीज करून दाखव. आणि खबरदार, उत्तर चुकलं म्हणालीस तर!"