नलिनीच्या ट्रकची पुढची काच

नलिनी जगदाळे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होती. निवृत्त झाल्यावर ती तीर्थयात्रा करील, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने केलं भलतंच. वडिलांचा, दिनकररावांचा, लांब नाकाचा जुना ट्रक मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये गंजत पडला होता. त्याचं इंजिन खोलून, पुन्हा बसवून तिने तो चालता केला. बडोद्याच्या रस्त्यावर तो पहिल्यांदा निघाला तेव्हा ती स्टिअरिंगवर एकटीच मोठ्याने हसली होती.

तोच ट्रक धाकट्या भावाने, विश्रामने, तिला न विचारता मित्राच्या मुलीच्या वरातीला दिला. कुणीतरी बॉनेटवर चढून नाचलं आणि पुढची काच फुटली. विश्रामने कुठूनशी काच कापून आणली, जुन्या रबरात कोंबली आणि फटींतून सिलिकॉन ओतून गप्प बसला. नलिनीला ते कळलं ट्रक धुताना. छतावर पाणी ओतून ती आत बसली, तर ते थेट तिच्या मांडीवर आलं.

फोनवर तो एकदम गुजरातीत शिरला. अडचणीत आला की त्याचं मराठी संपतं. "थई गयुं, ताई. हवे शूं करवानुं? झालं ते झालं, काचच तर आहे."

तिने फोन ठेवला. मग ते सिलिकॉन खरवडताना नखं तुटली, पत्र्याच्या कडेचा रंग उडाला आणि प्रत्येक ओरखड्यासरशी तिचा राग चढत गेला. नवी काच तिने स्वतः मापाने कापून घेतली. नवं रबर शोधत लहरीपुऱ्याच्या बाजारात दुकानोदुकानी पायपीट केली. पण ही काच एकट्याने बसत नाही. रबर काचेला चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी घालायची. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढते. शेजारच्या गॅरेजचा हार्दिक गावी गेला होता. तिने विश्रामला बोलावलं, तेही थेट नाही, त्याच्या बायकोला, कांचनला फोन करून.

तो आला. तिने त्याला आत बसवलं, दोरीची टोकं हातात दिली आणि हळू, सरळ स्वतःकडे ओढ एवढंच सांगितलं. रबराला साबणाचं पाणी लावून ती बाहेरून तळव्याने काच दाबू लागली. कोपऱ्यावर विश्रामने हिसका दिला. रबर निसटलं.

"हळू म्हटलं ना! दुसऱ्याची वस्तू नीट धरता येत नाही तुला?"

"दुसऱ्याची?" विश्राम काचेपलीकडून ओरडला. "बाबांचा ट्रक तुझा कधी झाला? त्यांनी मला एकदा तरी पाना हातात दिला का? सगळं तुला शिकवलं. मी शेडच्या दारात उभा राहायचो, आणि तू म्हणायचीस, जा, आईला मदत कर."

नलिनीला ते आठवत होतं. म्हणूनच ती जास्त चिडली.

"मग मला बोलायचं होतंस. वरातीत नाचवून काय दाखवलंस?"

"दाखवलं की हा माझाही आहे."

तिने काच काढली, रबर पुसलं, दोरी नव्याने घातली आणि ती टोकं पुन्हा त्याच्याच हातात दिली. या वेळी कोपऱ्याशी तिने काचेवर दोनदा टकटक केली. तो थांबला, मग केसभर-केसभर ओढत गेला. कड चढली. काच बसली. शाबास म्हणावंसं तिला वाटलं नाही.

गळती बघायला तिने पाइप घेतला. विश्राम आतच बसला होता.

"कोरडं आहे," तो म्हणाला.

तरी ती पाणी मारत राहिली. काचेवर, छतावर, आणि मग जिथे अजून काचच बसवली नव्हती त्या दाराच्या खिडकीवर. त्याचा खांदा भिजला, सदरा भिजला. तो हलला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. शेवटी तिनेच नळ बंद केला.

"दाराच्या काचा पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "सांगितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही."

रविवारी तो आला. पहिल्या दारावरच दोघांचं पुन्हा वाजलं.